रोज एक वेढा

परवा वर्गात नारूचं पान आलं. पाठ्यपुस्तकात आता त्याला जेमतेम अर्धं पान उरलंय आणि त्यातली निम्मी जागा चित्रानं खाल्लीय. काडीला गुंडाळलेला पांढरा दोरा आणि मागे कुणाचा तरी पाय. हा रोग आपल्याकडून गेला, परीक्षेला येत नाही, असं नेहमीप्रमाणे सांगून मी पान उलटणार होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, तुम्ही स्वतः पाहिलाय का हो?" पाहिलाय म्हणालो. "कुणाच्या पायात?" असं तिनं विचारल्यावर मात्र मला पुढं शिकवता येईना. तास दहा मिनिटं आधी सोडला. मुलांनी अर्थातच त्याबद्दल तक्रार केली नाही.

तो पाय रखमाजीमामांचा होता. रखमाजी धोंडिबा शिंगाडे. नात्यानं ते माझे कुणी नव्हते; पण गावातली पोरंसोरं, दूध सोसायटीचे चेअरमन आणि आमचे मोठे सर, सगळेच त्यांना मामा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागलो.

त्या काळी मी विद्यापीठाच्या एका संशोधन संस्थेत नोकरीला होतो. उष्ण प्रदेशातल्या साथीच्या रोगांचा तिथं अभ्यास चाले. संस्थेची मोठी इमारत शहरात होती, आणि नारूच्या कामासाठी तिचं एक उपकेंद्र बीड जिल्ह्यात, पाटोदा आणि कडा यांच्या मधल्या एका गावात होतं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. ती माणसं अजून आहेत, आणि पुढं जे सांगणार आहे ते सगळ्यांनाच आवडेल असं नाही. उपकेंद्र म्हटल्यावर डोळ्यांसमोर काही भलतं यायला नको. दूध सोसायटीच्या इमारतीच्या मागच्या दोन खोल्या, एक सूक्ष्मदर्शक, दोन टेबलं आणि पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या. पुढं दुधाचे कॅन, मागं आम्ही. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या कच्च्या प्रतीला अजून आंबलेल्या दुधाचा वास येतो असं माझी बायको म्हणते.

मामा मूळचे मेंढपाळ. ते संस्थेत कसे आले हे मला मोठ्या सरांनीच, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांनी, सांगितलं. सर पहिल्यांदा जीप घेऊन त्या भागातल्या बारवा बघत फिरत होते. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. माणसं आत उतरतात, पाण्यात पाय बुडवून घागर भरतात. एका बारवेच्या काठावर एक गडी पाय धरून कण्हत बसला होता. घोट्याजवळून नारूचं, त्या दोऱ्यासारख्या किड्याचं, टोक बाहेर आलेलं. सरांनी पेटीतून चिमटा काढला, टोक धरलं आणि ओढलं. तो तुटला. तुटका नारू आत राहिला की पाय सुजतो, पिकतो, कधी कायमचा आखडतो. मामा तिथंच मेंढरं पाण्यावर घेऊन आलेले. काठीवर हनुवटी टेकून हे सगळं बघत होते.

"सायेब, त्याला घाई चालत न्हाई," ते म्हणाले. "काडीला रोज एक वेढा. वढला की तुटतो."

सरांनी विचारलं, तुला रे काय माहीत. मामांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि दोन्ही पोटऱ्या दाखवल्या. सरांनी जुने व्रण मोजले, ते नऊ भरले. आठवड्याभरात मेंढरं धाकट्या भावाकडे गेली आणि मामा संस्थेत रोजंदारीवर लागले. मी गेलो तेव्हा त्याला बरीच वर्षं झाली होती आणि मामा अजून रोजंदारीवरच होते.

'रोज एक वेढा' हे त्यांचं कशावरचंही उत्तर होतं. सूक्ष्मदर्शकाची काच पुण्याहून यायला उशीर झाला, रोज एक वेढा. दोन दिवसांत सगळ्या वाड्यावस्त्या उरकू असं मी म्हणालो, रोज एक वेढा. माझ्या लग्नाची बोलणी आठ महिने रेंगाळली आणि मी वैतागून सासरच्यांना एक कडक पत्र लिहायला बसलो, तेव्हाही त्यांनी दारातूनच तेच सुनावलं. पत्र मी पाठवलं नाही. त्यांचं ऐकलं हे बरं झालं असं आता वाटतं. तेव्हा मात्र राग आला होता.

दिसायला उंच, सुकलेले, डोक्याला पांढरा पटका. बंडीच्या आतल्या खिशात एक चौपदरी सुती फडकं, ते रोज संध्याकाळी धुऊन सोसायटीच्या दारातल्या लिंबावर वाळत घालायचे. दुसऱ्या खिशात एक काचेची बाटली. ज्या विहिरीवर जायचे तिथलं पाणी बाटलीत घेऊन उन्हात धरायचे आणि बायकांना बोलवायचे. पाण्यात पांढरे ठिपके उड्या मारत असायचे. "बगा, ह्यो पानकिडा. नारूची पिल्लं ह्याच्या पोटात, आन् ह्यो तुमच्या पोटात." मग बाकीचं सांगायचे. पिल्लं पोटात गेली की वर्षभर काही कळत नाही. वर्षानं पायाला फोड येतो, आग आग होते, माणूस पाय गार करायला बारवेत उतरतो, आणि नारू पाण्यात पुन्हा पिल्लं सोडतो. विद्यापीठात मी हेच दोन वर्षं शिकलो होतो. मामांना त्याला बिडी संपायला लागतो तेवढा वेळ पुरायचा. उपाय तर त्याहून सोपा होता. पाणी फडक्यानं गाळलं की पानकिडा फडक्यावर राहतो.

पण सांगण्याआधी त्यांचा एक नेम होता. कुठल्याही घरी गेलं की आधी पाणी मागायचं. ते घरातल्या माणसासमोर खिशातल्या फडक्यातून गाळायचं, प्यायचं आणि मग वही उघडायची. एकदा उन्हाच्या भरात मी म्हणालो, मामा, दिवसाला चाळीस घरं होतात, प्रत्येक ठिकाणी पाणी कशाला? आपलं आपण न्यावं की बाटलीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "ज्याच्या घरचं पानी पिलो न्हाई, त्याला पान्याचं शानपन कोन्या तोंडानं सांगू?"

सोसायटीचे चेअरमन भले गृहस्थ होते, पण आमच्या खोल्यांतून येणाऱ्या औषधाच्या वासानं दूध नासतं असा त्यांचा पक्का समज होता. त्यावरून महिन्यातून एकदा तरी वाजायचं. मामांनी हे भांडणच कामाला लावलं. सकाळी दूध घालायला सगळं गाव रांगेत उभं राहायचं. कॅनच्या तोंडावर गाळणं बांधलेलं. गाळल्याशिवाय सोसायटी दूध घेत नसे. मामा रांगेच्या कडेला येऊन उभे राहिले आणि कुणा एकाला न बोलता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "डेरीला दूध गाळून देता आन् घरी पानी तसंच पेता. का रं बाबांनो? डेरीचं पोट लेकराच्या पोटापरीस नाजूक हाय का?" रांग हसली. चेअरमन हसले नाहीत, पण दुसऱ्या आठवड्यात त्यांनी सोसायटीतर्फे गाळण्याच्या कापडाचा तागा मागवला आणि दूध घालणाऱ्या प्रत्येकाला हात हातभर फाडून दिला. नारूचे रोगी त्यानंतर भराभर कमी झाले. मी हे इंग्रजीत लिहून मोठ्या सरांना पाठवलं. त्यात मामांचं ते वाक्य घालायची सोय नव्हती.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

नियम असा होता, की सलग तीन वर्षं एकही रोगी सापडला नाही तर तो भाग नारूमुक्त जाहीर करायचा. आमची दोन वर्षं कोरी गेली होती. तिसऱ्या वर्षी शेवटची पाहणी झाली की उन्हाळ्यात सोसायटीच्या अंगणात मांडव घालून कार्यक्रम होणार होता. आणि त्याच कार्यक्रमात मामांना कायम केल्याची ऑर्डर मोठे सर देणार होते. विद्यापीठानं तसं कबूल केलं होतं: भाग मुक्त झाला की त्याबद्दल एक पद कायम. मामा हे कुणाजवळ बोलत नसत. पण त्यांच्या मंडळींनी मला एकदा सांगितलं, की ऑर्डर झाली की देवाला जायचं ठरलंय, आणि मामांनी नवीन पटकासुद्धा घेऊन ठेवलाय.

हे कोरेपण कसं होतं ते मामांच्या आधी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. पाहणी आम्ही थंडीत करायचो, कारण तेव्हा फिरणं सोसतं. आणि थंडीत आमच्याकडची निम्मी माणसं ऊस तोडायला खाली कारखान्यांवर गेलेली असतात. गावाबाहेर ओढ्यापलीकडे एक वस्ती होती. दिवाळी झाली की तिथली झाडून सगळी घरं बंद. वहीत आम्ही अशा घरापुढं 'कु.' असं लिहायचो, म्हणजे कुलूप. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या तोंडाला शहरातून छापील तक्ता आला, तो मी मामांना वाचून दाखवत होतो. वस्तीच्या नावापुढं शून्य.

"शून्य कुटनं आलं?" मामांनी विचारलं.

मी वही काढली. सगळी 'कु.' होती. शहरात तक्ता करणाऱ्याला 'कु.'चा अर्थ कळला नसावा. रोगी लिहिलेला नाही म्हणजे रोगी नाही, असं त्यानं धरलं होतं. मामांनी तक्त्यातल्या त्या शून्यावर बोट ठेवलं. वाचता त्यांना बेताचंच यायचं, आकडे मात्र कळायचे. "कुलपाला नारू हुत न्हाई, बारके सायेब," ते म्हणाले. "कुलपाच्या मालकाला हुतो." मी त्यांचा बारके सायेब होतो, मोठ्या सरांच्या मानानं.

तोडीवरून माणसं परत आली तसे चैत्रातल्या एका दुपारी आम्ही दोघं वस्तीवर गेलो. त्या वर्षी पाऊस दुसऱ्यांदा फसला होता. गावात टँकर यायचा तो चावडीपुढच्या विहिरीत रिकामा व्हायचा. वस्तीच्या बायकांनी तिथं घागर लावली की कुरबूर सुरू व्हायची, म्हणून त्या जायच्याच नाहीत. त्यांना ओढ्याकाठची जुनी बारव होती, तळाला गुडघाभर हिरवं पाणी.

लिंबाजी नावाचे एक वयस्क गृहस्थ दारात दोर वळत बसले होते. वस्तीत त्यांचा शब्द चालायचा. मामांनी रामराम केला, लिंबाजींनी केला. मामांनी नेमाप्रमाणे पाणी मागितलं. लिंबाजी जरा घुटमळले. मग सुनेनं आतून तांब्या आणला, त्यांनी तो स्वतःच्या हातानं पुढं केला. मामांनी खिशातून फडकं काढलं.

लिंबाजींचा हात तसाच मागं गेला. "बाटतं व्हय आमचं पानी?" एवढंच ते म्हणाले, आणि तेही अगदी हळू.

मी मामांना इतका गोंधळलेला माणूस कधी बघितला नव्हता. हजार घरी ज्या फडक्यातून ते पाणी प्याले होते, त्या फडक्याचा असा अर्थ होऊ शकतो हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. माझ्याही नाही. खरं तर समजावून सांगता आलं असतं. बाटली होती, ऊन होतं, पानकिडे दाखवता आले असते. मामांनी फडक्याची घडी केली, खिशात ठेवली, हात पुढं करून तांब्या घेतला आणि सगळा रिकामा केला.

लिंबाजींनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "मला तहान नाही."

घसा कोरडा पडला होता. तीन मैल उन्हात चालून आलो होतो. पण मला त्या पाण्यात काय आहे ते ठाऊक होतं, आणि मी शिकलेला माणूस होतो. मामांनी वही उघडायला सांगितली. कुणाला नारू? कुणालाच नाही. लिंबाजींची सून दारातल्या अंधारात उभी होती, लुगड्याचा काठ पार जमिनीला टेकवून. मला तेव्हा त्यात काही दिसलं नाही. वस्तीनं सांगितलं ते मी लिहिलं.

परत येताना मामा निम्म्या वाटेत बोलले. "सांगाया बसलो असतो तर सांगता आलं असतं. पर त्येच्या डोळ्याकडं बगितलं आन् न्हाई सुचलं." माझ्या तहानेबद्दल ते काही बोलले नाहीत. खोलीवर आल्याबरोबर मी माठातलं दोन तांबे पाणी उभ्यानं प्यालो. ते लिंबाखाली फडकं धूत होते.

पुढचं वर्ष नेहमीसारखं गेलं. पाऊस तेव्हाही पोटापुरता नव्हताच. कार्यक्रमाची तारीख ठरली, चेअरमननी मांडववाल्याला सांगितलं, पत्रिका छापून आल्या. त्या चैत्रात मामा चारपाच दिवस जरा लंगडत होते. काटा मोडला असेल असं मी धरून चाललो. एका सकाळी ते नेहमीपेक्षा लवकर आले, खोलीच्या पायरीवर बसले, वहाण काढली आणि पत्र्याच्या डब्यातलं गार पाणी उजव्या पायावर हळूहळू ओतायला लागले. घोट्याखाली फोड फुटलेला होता. पाणी पडलं तसं त्यातून सुताएवढं पांढरं टोक बाहेर आलं. डब्यातलं पाणी त्यांनी आधीच दुसऱ्या भांड्यात पडेल असं धरलं होतं, नंतर ते लांब नेऊन उकिरड्यावर ओतायला लावलं.

"वही काडा," ते म्हणाले. "लिवा. रखमाजी धोंडिबा शिंगाडे."

मी वही काढली नाही. कार्यक्रमाला बारा दिवस होते. आम्ही दोघंही मनात तोच हिशेब करत होतो: बरोबर एक वर्ष, तो चैत्र, तो तांब्या. मी म्हणालो, मामा, पंधरा दिवस थांबू. ऑर्डर हातात पडू द्या, मग लिहितो, मी स्वतः लिहितो. हे मी त्यांच्यासाठी म्हणालो असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. माझा प्रबंधही त्या तिसऱ्या कोऱ्या वर्षावर उभा होता, हेही सांगायला हवं.

"पंधरा दिस ह्यो बी थांबल का?" मामा पायाकडं बोट दाखवून म्हणाले. "इचारा त्याला."

मी नाव लिहिलं. पुढचा रकाना होता, पाणी कुठलं प्यायले. मामा म्हणाले, लिहा, वस्तीवरची बारव. मी पेन टेकवलं आणि त्यांनी हात धरला. "थांबा. तसं लिवलं तर गाव म्हनंल, वस्तीनं घान केली. पुन्ना त्यास्नी इकडं फिरकू द्याचे न्हाईत. असं लिवा, वस्तीला पंप न्हाई." रकान्यात ते बसत नव्हतं. मी समासात लिहिलं.

चेअरमनना कळायला तास लागला नाही. ते आले, माझ्या खुर्चीवर बसले आणि मामांना शांतपणे समजावत राहिले. वाईट हेतू नव्हता त्यांचा. ते म्हणत होते, की एका पायानं काय फरक पडतो, पत्रिका गेल्यात, आणि सगळ्यात मोठं म्हणजे ही तुमचीच ऑर्डर आहे. कार्यक्रम होऊ द्या, नंतर वहीत काय ते लिहा. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"चेरमन, दुधात पानी निगालं तर तुमी कॅन परत करता," ते म्हणाले. "मग वहीत पानी घालू व्हय?"

चेअरमन उठले, दारापर्यंत गेले आणि मांडववाल्याला निरोप द्यायला माणूस पाठवला.

दोन दिवसांनी मोठे सर जीप घेऊन आले. त्यांनी वही वाचली, समासातलं वाक्य वाचलं, मग मागची पानं उलटून ते 'कु.' बघितले आणि मला अर्थ विचारला. मी सांगितला. शहरातला तक्ता त्यांच्या बॅगेतच होता. त्यांनी पेन काढून वस्तीच्या नावापुढच्या दोन्ही वर्षांच्या शून्यांवर रेघ मारली. आमची तिन्ही वर्षं गेली. सर चिडले नाहीत. पायरीवर मामांच्या शेजारी बसले, त्यांचा पाय मांडीवर घेतला, पट्टी सोडली आणि काडीला वेढा दिला. एकच दिला आणि थांबले. मामा समाधानानं मान डोलावत होते. मला तिथून उठून मागं जावं लागलं, कारण डोळे भरून आले होते.

त्या दुपारी मामा बैलगाडीतून वस्तीवर गेले. पाय गोणपाटावर, काडी पट्टीत. मी बरोबर होतो. लिंबाजी पुढं आले. मामांनी गाडीतूनच पट्टी सोडून पाय दाखवला.

"लिंबाजी, त्या दिशी फडकं काडलं ती बी चूक माजी, आन् ठिवलं ती बी माजीच," ते म्हणाले. "तुला आदी सांगाया पायजे हुतं, मग काडाया. पानी कुनाचं बी आसू दे, मी गाळूनच पेतो. माज्या घरचं बी."

लिंबाजींनी वाकून पाय बघितला. मग त्यांनी घराकडं वळून सुनेला हाक मारली. ती बाहेर आली आणि लुगड्याचा काठ वीतभर वर घेतला. तिच्या घोट्याला काडी बांधलेली होती. लिंबाजी म्हणाले, की सांगितलं असतं तर मजूर नेणाऱ्या मुकादमानं तोडीला घेतलं नसतं. तो आधी पाय बघतो, मग कोयता, म्हणजे तोडणाऱ्या नवराबायकोची जोडी, ठरवतो. हळूहळू बाकीची माणसं आली, कुणी पोटरी पुढं केली, कुणी टाच. मामांनी बाटली उन्हात धरली. मी लिहीत होतो. त्या दिवशी वहीची दोन पानं भरली.

हातपंप मिळायला दीड वर्ष लागलं. सरांनी ती वही घेऊन किती कचेऱ्यांचे उंबरे झिजवले ते मला माहीत आहे. चेअरमननी सोसायटीचं वजन वापरलं, हेही नोंदवायला हवं. तोवर लिंबाजींच्या घरी पाणी गाळूनच मिळायचं. ते स्वतः तांब्याच्या तोंडावर फडकं बांधून ठेवायचे आणि आधी मामांना दाखवायचे. पुन्हा मोजायला सुरुवात केल्यावर तीन वर्षं खरोखर कोरी गेली. या वेळी आम्ही उन्हाळ्यात मोजलं. पण तोवर मामांचं वय नोकरीत कायम करायच्या मर्यादेबाहेर गेलं होतं, आणि ऑर्डर काही झाली नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. मामांनी तो नवा पटका माझ्या निरोपाला डोक्याला बांधला.

मी शिकवण्याच्या नोकरीवर निघालो, त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं शेवटचं वस्तीवर गेलो. मामांचा उजवा पाय घोट्यात आखडलेला होता. नारू पूर्ण निघाला, पण दुखणं मागं ठेवून गेला. त्यामुळं तीन मैलांना दुप्पट वेळ लागला. चैत्रच होता, आणि पंपाभोवतीच्या ओट्यावर सावली नव्हती. लिंबाजींनी दांडा मारला, तांब्या भरला आणि मामांपुढं धरला. मामांचा हात सवयीनं बंडीच्या खिशात गेला आणि फडकं बाहेर आलं. पंपाचं पाणी जमिनीच्या पोटातलं. त्याला गाळायची गरज नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. लिंबाजी हसून म्हणाले, "गाळा की. आता न्हाई राग येत." मामांनी त्या फडक्यानं तोंडावरचा घाम पुसला, ते खांद्यावर टाकलं आणि तांब्या तसाच तोंडाला लावला.

मी म्हणालो, "मलाही द्या."

लिंबाजींनी पुन्हा दांडा मारला. मामा ओट्यावर बसून आखडलेला पाय चोळत माझ्याकडं बघत होते. इतक्या वर्षांत त्या दुपारचा त्यांनी एका शब्दानं उल्लेख केला नव्हता.

"लागली का मग तहान, बारके सायेब?"

तांब्या मी तोंडाला लावलेला होता, त्यामुळं उत्तर देता आलं नाही.